उद्या पुन्हा येणाऱ्यासाठी

साशंक : तालुक्याच्या गावातल्या घरगुती खानावळीचं कौतुक ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, तुम्ही नेमकं कशाचं कौतुक करता? चवीचं म्हणाल, तर चाळीस माणसांची मटकी एका पातेल्यात शिजते तेव्हा ती घरच्या वाटीभर उसळीसारखी लागणं शक्य नाही. फोडणी तेवढी खमंग बसत नाही, मीठ अंदाजानं पडतं आणि दुपारी अडीचला येणाऱ्याच्या वाट्याला सकाळी अकराची भाजी येते. जागेचं म्हणाल, तर एसटी स्टँडमागची बोळ, घराची पुढची खोली, चार टेबलं, भिंतीवर देवाचं कॅलेंडर आणि हात धुवायला दारातला नळ. तरीही पुण्या-मुंबईहून आलेला माणूस तिथून बाहेर पडताना म्हणतो, अगदी आईच्या हातचं जेवलो. मला त्यात जेवणापेक्षा आठवण जास्त दिसते. घर सुटलेला माणूस आपल्या मनातलं घर त्या ताटात वाढून घेतो. पण समोरची बाई त्याची आई नसते. ती पैसे घेऊन जेवू घालते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तिच्या धंद्यावर एकदा ममतेचं पांघरूण घातलं, की धंद्याबद्दल जे विचारायला हवं ते कोणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

रसिक : आईचं नाव मी घेणार नाही, चवीवरही अडून बसणार नाही. खानावळीचं जेवण हॉटेलातल्यासारखं नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि हा फरक जेवणाऱ्याच्या मनात तयार झालेला नाही, तो कामाच्या पद्धतीतच आहे. भाकरीच घ्या. ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा ताण नसतो. ते गरम पाण्यात मळावं लागतं, एकेका भाकरीपुरतं, आणि मळलं की लगेच थापावं लागतं. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि थापतानाच कडा चिरतात. उतरवलेली भाकरी थोड्याच वेळात कडक व्हायला लागते. म्हणजे गरम भाकरी वाढायची असेल, तर तुम्ही जेवत असताना आत कोणीतरी तव्यापाशी असावंच लागतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातली एक पनीरवर जाते, एक काजूवर. दीडशे पदार्थांचं मेनूकार्ड त्याशिवाय चालणारच नाही. खानावळीला मेनूकार्ड नसतं. बाजारात मेथी उतरली असेल तर मेथी, दोडका आला तर दोडका, पावसाळ्यात भाजी कडाडली की मटकी, चवळी, अख्खा मसूर, आणि काहीच नसेल त्या दिवशी पिठलं. तुम्ही बसता आणि ताट येतं. काय खायचं हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. दिवसभर प्रत्येक गोष्ट निवडून थकलेल्या माणसाला त्यात केवढा विसावा आहे!

आणि याहून महत्त्वाचं सांगतो. हॉटेलातलं जेवण तुमच्या लक्षात राहावं म्हणून केलेलं असतं. खानावळीतलं जेवण उद्या पुन्हा जेवता यावं म्हणून. वर्षातून एकदा येणाऱ्यासाठी लोणी, तेल, काजू सढळ हातानं घालता येतात. रोज दोन वेळ येणाऱ्याला तेच घातलं तर आठवड्यात त्याचं पोट बिघडेल. म्हणून खानावळीची आमटी पातळ असते, भाजीला तेल बेताचं असतं, आणि तिखट हवं असेल त्यानं खरडा घ्यायचा. कोल्हापुरात पाहुण्यांसाठी मांडलेलं जहाल 'कोल्हापुरी' आणि तिथल्या पेठेतल्या खानावळीत नेहमीच्या माणसाला मिळणारं ताट यांत हाच फरक आहे. तिथे तांबड्यासोबत पांढरा रस्साही येतो, मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध घातलेला, लाल तिखट नसलेला. दोन्ही हवे तेवढे घ्या, कोणी वाटी मोजत नाही. माणूस रोज येणार हे गृहीत धरून केलेला स्वयंपाक निराळा असतो. मला त्याचं आकर्षण आहे.

साशंक : उद्या पुन्हा जेवता यावं म्हणून केलेलं जेवण, हे मला पटलं. पण तुमच्या सगळ्या वर्णनात तव्यापाशी 'कोणीतरी' आहे. ते कोणीतरी कोण, हे मला माहीत आहे, कारण मी त्या तव्याच्या अलीकडे वाढले. आमच्या घरातून डबे जायचे आणि पुढच्या खोलीत जेवायला माणसं यायची. पाटीवर वडिलांचं नाव होतं. पैसे त्यांच्या गल्ल्यात पडायचे, महिन्याची वही त्यांच्याकडे असायची. भाकऱ्या आई आणि काकू थापायच्या. शाळेतून आल्यावर कांदा चिरणं, ताटं विसळणं, दळण आणणं हे आम्हा मुलींकडे होतं, भावांकडे नव्हतं. गरम भाकरी वाढायची म्हणून आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि तिच्या ताटात कधी गरम भाकरी आलेली मला आठवत नाही. तिचं मनगट सुजायचं. दवाखान्यात विश्रांती घ्यायला सांगितलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो डब्यांचं काय, हा.

तुम्ही म्हणता निवड नसण्यात विसावा आहे. तो जेवणाऱ्याला आहे. निवडीचं ओझं नाहीसं झालेलं नसतं, ते आत जाऊन पडलेलं असतं. आज काय करायचं, कालची भाजी आज नको, उपासवाल्यांसाठी भगर, पथ्यवाल्यासाठी बिनतिखटाचं, हे सगळं एक बाई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जुळवत असते. आणि घरचेच लोक राबतात म्हणून त्यांची मजुरी हिशेबात धरली जात नाही. किराणा, गॅस, भाजी, जागेचं भाडं एवढं धरून ताटाचा भाव निघतो. तुमचं आकर्षण ज्या स्वस्ताईवर उभं आहे, तिचा मोठा भाग हा असा न धरलेला पगार आहे.

रसिक : हे मी नाकारणार नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू मुंबईच्या गिरणगावात दिसते. कोकणातून आणि घाटावरून माणसं गिरण्यांत आली ती बायकामुलं गावी ठेवून. एकेका खोलीत पाळ्या लावून झोपणारी ही माणसं जेवायची खानावळवाल्या बायकांकडे. चाळीतल्याच एका खोलीत ती बाई राहायची, तिथेच रांधायची, तिथेच वाढायची. पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजानं. ही बाई कामगार धरली जात नव्हती आणि धंदेवाली म्हणूनही तिची कुठे नोंद नव्हती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. 1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, लहान धंद्याला कर्ज द्यायचं असं धोरण होतं, पण बँकेच्या दारात ही बाई उभी राहिली तर तारण काय दाखवणार? मंडळानं बायकांचे गट करून एकमेकींच्या जामिनावर कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराचा फास सैल झाला. माझा मुद्दा असा, की घरात हाच स्वयंपाक तीच बाई जन्मभर करते आणि त्याची किंमत शून्य असते. खानावळ ही अशी जागा आहे जिथे त्याला भाव येतो, कमी का होईना. आणि एकदा भाव आला, की तो कमी आहे असं म्हणता येतं, त्यासाठी संघटना काढता येते. तुमच्या आईच्या श्रमाचा हिशेब तुम्ही आज मांडू शकता, तोही त्या वहीमुळेच.

साशंक : वहीत माझ्या आईचं नाव नव्हतं, तरीही तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गिरणगावाची गोष्ट पुढे न्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना परत गिरणीत जाता आलंच नाही. पगारावर जेवणारा माणूस गावी गेला की त्याची थकलेली बाकी कोणाच्या अंगावर पडते? संपाचा इतिहास लिहिणारे कामगारांबद्दल लिहितात, मालकांबद्दल लिहितात, पुढे जमिनींबद्दल लिहितात. या खोल्यांमधल्या चुली कशा विझल्या ते फार थोड्यांनी लिहिलं. रोज येणाऱ्या माणसावर उभा असलेला धंदा त्या माणसाच्या रोजगाराइतकाच तकलादू असतो. तुमच्या एसटी स्टँडमागच्या खानावळीचंही तेच. कारखाना बंद पडला, कॉलेज हललं, बायपास झाला, की जेवणारे गेले. तिला ना भरपाई ना नोटीस.

आणि घरगुती म्हणजे कोणाच्या घरातलं, हेही विचारायला हवं. आपल्या गावांत 'ब्राह्मणी पद्धतीचे जेवण', 'मराठा खानावळ', 'लिंगायत खानावळ' अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या चवीची माहिती देतात असं आपण समजतो. पण त्या पाट्यांमागे मुळात खात्री होती ती रांधणारा हात कोणाचा आहे याची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार बोर्डिंगं काढली, कारण आधी सगळ्यांसाठी म्हणून असलेलं वसतिगृह प्रत्यक्षात एकाच जातीच्या मुलांचं होऊन बसलं होतं. एका पंगतीला बसणं हेच अवघड होतं. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं तेव्हा त्या दलित माणसाच्या हातचा चहा लोकांनी प्यावा म्हणून स्वतः महाराजांना तिथे थांबून चहा घ्यावा लागला. चहासाठी एका राजाला जाऊन उभं राहावं लागलं, मग भाकरीसाठी काय लागलं असतं? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण मांडलं आहे. तेही घरगुतीच आहे. ते कोणत्या खानावळीच्या फळ्यावर लिहिलेलं तुम्ही वाचलंत?

रसिक : नाही वाचलं. आणि माझ्या आठवणीतल्या खानावळींत कोण रांधतं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला विचारावं लागत नव्हतं. ज्याला दारात थांबून आधी पाटी वाचावी लागते त्याला खानावळीचा विसावा माझ्याइतका मिळत नसणार, हे मान्य आहे. पण खानावळ म्हणजे निव्वळ भिंती राखणारी जागा, इतकं मात्र मी म्हणू देणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 ला बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्यासाठी. मुलं एकत्र रांधायची, एकत्र जेवायची, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव मिळालं. पंगत मोडली जाते तशी जोडलीही जाते, आणि दोन्ही गोष्टी ताटावरच घडतात. नागपूरकडे सावजी जेवण हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं. मागावरून उठलेल्या माणसाचं ते तिखट रस्सेदार मटण आज कोणत्याही जातीचा माणूस रांगेत थांबून खातो. एका समाजाचं घर त्यानं निदान जिभेनं तरी ओलांडलेलं असतं.

साशंक : जिभेनं ओलांडणं सोपं असतं, म्हणूनच ते आधी होतं. सावजी खाणारा माणूस त्या घराशी पुढे कसा वागतो, ते मटणाच्या वाटीवरून कळत नाही. आणि ओलांडतात ते जेवणारे. रांधणारीला तेवढी मोकळीक आहे का? आपलं आडनाव पाटीवर लिहून एखाद्या दलित बाईनं तालुक्याच्या गावात मुख्य पेठेत खानावळ काढली, तर गाळा भाड्यानं मिळण्यापासून प्रश्न सुरू होतात. ज्या दिवशी तो प्रश्न उरणार नाही त्या दिवशी मी तुमचं म्हणणं पूर्ण मान्य करीन.

आता या आकर्षणाचा बाजार कसा झाला आहे तेही बघा. पुण्याहून साताऱ्याकडे किंवा सोलापूरकडे निघालात की हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', 'गावरान', 'घरगुती' अशा पाट्या लागतात. समोरच चूल मांडलेली, नऊवारी नेसलेली बाई भाकरी थापते आहे, आणि गाडीतून उतरलेली माणसं तिचा फोटो काढतात. 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली ती बायकांची फुप्फुसं चुलीच्या धुरातून सोडवण्यासाठी. एका बाजूला धुरापासून सुटका म्हणून सरकार घरोघर सिलिंडर देतं, दुसऱ्या बाजूला त्याच धुराचे आपण जास्त पैसे मोजतो. ती बाई दिवसभर धुरात बसते, कारण धूर गिऱ्हाइकाला आवडतो. घरगुतीपणाची आवड शेवटी इथवर पोचते.

रसिक : तिथे मी तुमच्या बाजूला आहे. ती जागा मला खानावळ वाटतच नाही. ती पाहुण्यांसाठी मांडलेली आहे, पुन्हा न येणाऱ्या माणसांसाठी. खऱ्या खानावळीत व्यापारी सिलिंडर असतो, शक्य तिथे पिठाला यंत्र असतं, कांदा कापायला यंत्र असतं, आणि जेवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. तिथे कोणी फोटो काढत नाही, कारण काल जे खाल्लं त्याचा आज फोटो काय काढायचा? म्हणून म्हणतो, आकर्षण जुन्या वस्तूंचं नाही. ते ओळखीचं आहे. लातूरचं उदाहरण घ्या. दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'साठी नांदेड, बीड, धाराशिवकडची मुलं तिथे खोल्या करून राहतात आणि जवळच्या घरात मेस लावतात. आठ-पंधरा दिवसांत बाईला कळतं की हा मुलगा वांगं खात नाही, त्या मुलीचा गुरुवार असतो, अमक्याचं रात्री उशिरा क्लास सुटल्यावर येणं होतं. ताप आला तर मऊ भात मिळतो. गावी गेलात तर खाडे धरतात आणि महिन्याच्या पैशांतून वजा करतात. लागोपाठ न सांगता आला नाही तर खोलीवर निरोप जातो. मुलाला वाटतं आपण जेवणाचे पैसे देतो, पण आई-वडिलांना त्या घराचा खरा आधार असतो तो कोणाचं तरी आपल्या पोरावर लक्ष आहे याचा. ऑर्डर घेऊन दारात येणाऱ्या मुलाला तुम्ही काल जेवलात की नाही हे माहीत नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. सतरा वर्षांच्या, पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या पोराच्या दृष्टीनं हा फरक किती मोठा आहे ते मी त्या वयात अनुभवलं आहे. परीक्षेत मार्क कमी पडलेल्या दिवशी मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मेसच्या काकूंनी फक्त विचारलं, आज भात का टाकला?

साशंक : त्या काकूंबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांचा हिशेब करून पाहू. मेसचे पैसे महिन्याचे ठरतात, पुष्कळदा वर्षभरासाठी तेच. मुलांच्या घरूनही तेवढेच येतात. आणि वर्षात तूरडाळ वाढते, तेल वाढतं, गॅस वाढतो. काकू भाव वाढवू शकत नाहीत, कारण पलीकडच्या गल्लीत दुसरी मेस आहे. मग वरण पातळ होतं आणि मुलं त्या वरणाची चेष्टा करतात. लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ. जिथून राज्यभर डाळ जाते तिथेच मेसच्या वरणात ती शोधावी लागते, याचं कारण काकूंचा हात आखडता आहे असं समजणं अन्यायाचं आहे. काकूंकडे ढिली सोडायला तेवढी एकच दोरी असते.

आता सरकारनं करून पाहिलेले दोन प्रयोग शेजारी ठेवा. 1995 ला झुणका-भाकर केंद्रं निघाली, एक रुपयात झुणका-भाकर. ती फार काळ टिकली नाहीत आणि त्या जागांवर पुढे दुसरेच धंदे उभे राहिले. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, एवढं मोजून. जेवणाऱ्यानं 10 रुपये द्यायचे, पण सरकारनं थाळीचा भाव धरला तो शहरात 50 आणि गावात 35 रुपये. वरचे पैसे तिजोरीतून. म्हणजे मोजून दिलेली साधी थाळी त्या किमतीत निघण्यासाठी सरकारलाही खिशात हात घालावा लागला, आणि तेवढ्यानंही केंद्र चालवणाऱ्यांची ओढाताण होतेच. तुमच्या खानावळीत भाकरी मोजत नाहीत, आमटी पुन्हा मिळते, वर मऊ भात आणि विचारपूस. मग वरचे पैसे तिथे कोणाच्या तिजोरीतून येतात? ती तिजोरी म्हणजे त्या घरातल्या बायकांचं अंग आहे. काकूंनी विचारलेला प्रश्न खरा होता, माया खरी होती. पण ती माया पैशाची तूट भरून काढण्याच्या कामी लागलेली होती, हेही तितकंच खरं.

रसिक : हे मला आतून टोचतं, कारण मी ती माया फुकट मिळालेली वस्तू म्हणून इतकी वर्षं जपली आहे. मान्य करतो, की भाव वाढायला हवा. पण भाव वाढला की काय होतं तेही मी पाहिलं आहे. आमच्याकडे एका चांगल्या खानावळीनं पुढची खोली वाढवली, वातानुकूलित 'फॅमिली' विभाग केला, ताट दुपटीचं झालं. मालकाचं काही चुकलं नाही. पोरांची शिक्षणं, घराचं कर्ज, त्याला वाढायला हवंच होतं. पण पुढच्या वर्षात तिथला जेवणारा बदलला. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टातले कारकून, औषधविक्रीला फिरणारी मुलं, बाजारसमितीतले हमाल ही माणसं गेली. त्यांच्या जागी रविवारी गाड्यांतून येणारी कुटुंबं आली. आणि जेवणारा बदलला तसा स्वयंपाक बदलला. रोज येणारा उरला नाही, मग पातळ आमटी कोणासाठी करायची? तिखट चढलं, तवंग चढला, पनीर आलं. बाईंचा पगार वाढला असेल. मी तसं धरून चालतो, खात्री करून घेतलेली नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी तिथे जायचो ती गोष्ट भावाबरोबर निघून गेली. हमालाला परवडेल असं ताट आणि रांधणारीला पुरेल असा मोबदला, या दोन गोष्टी एकाच पैशांतून काढायच्या आहेत. तुम्ही दुसरीच्या बाजूनं बोलता, मी पहिलीच्या, आणि दोघंही गरीब माणसाच्याच बाजूनं बोलतो आहोत.

साशंक : हो, इथे आपण पहिल्यांदा एकाच प्रश्नासमोर आलो. मी इतका वेळ तुमच्याशी भांडत होते ते तुम्हाला श्रीमंत गिऱ्हाईक समजून. पण खानावळीचं खरं गिऱ्हाईक तुम्ही नाही आणि मीही नाही. तो हमाल आहे, क्लासची पोर आहे, बदलीवर आलेला तलाठी आहे. त्याच्याकडून जास्त मागणं मला अवघड वाटतं. म्हणून मला वाटतं, तूट कोणीतरी भरणारच असेल तर ती घरातल्या बाईनं एकटीनं भरू नये. गिरणगावच्या बायकांना बँकेचं कर्ज गटामुळे मिळालं. तशा बचत गटांच्या खानावळी आज ठिकठिकाणी आहेत. तिथे निदान मजुरी मोजली जाते. भाकऱ्या कोण थापणार याच्या पाळ्या लागतात, एकीला बरं नसेल तर दुसरी उभी राहते, आणि दुखणाऱ्या मनगटासमोर डब्यांचं काय हा प्रश्न एका घराचा राहत नाही. किराणा एकत्र घाऊक घेतला की डाळीला थोडी जागा राहते. बाजारसमितीनं, कॉलेजनं, एसटीनं आपल्या माणसांच्या ताटासाठी जागा आणि गॅस द्यावा. हे सगळं एवढं अवघड नाही.

रसिक : अवघड नाही, पण मला एक शंका आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो. पाळ्या लागल्या, मजुरी मोजली गेली, तर आज भात का टाकला हे विचारणारी बाई तिथे असेल का? पाळीवर आलेल्या बाईला कालचं माहीत नसतं. ओळख व्हायला तोच चेहरा रोज लागतो, दोन्ही बाजूंनी. तुम्ही जो अन्याय मोडायला निघालात त्याच्या पोटातच ती ओळख वाढलेली आहे, आणि एकाला धक्का न लावता दुसरं काढता येईल का, हे मला सांगता येत नाही.

साशंक : ओळख अन्यायातूनच येते असं मी मानत नाही. शाळेतल्या बाईंना पगार असतो, रविवारची सुट्टी असते, तरी त्यांना वर्गातली पोरं ठाऊक असतात. मेसमध्ये रविवारी रात्री चूल बंद असते, दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. तुमच्यासकट सगळ्या मुलांनी त्या सुट्टीला नावं ठेवली असतील. माझ्या आईच्या आठवड्यात तेवढीच एक संध्याकाळ तिची होती, आणि सोमवारी सकाळी येणाऱ्या प्रत्येकाला ती नावानिशी ओळखायची. विश्रांती मिळालेली बाई कमी ओळखते, हा तुमचा समज कुठून आला?

रसिक : कदाचित याच भीतीतून, की तिच्याकडे दुसरं काही करायला मोकळा वेळ आला तर ती हे काम सोडूनच देईल.

साशंक : सोडेल. पुष्कळ जणी सोडतील. माझी आई सोडून गेली असती, आणि काकू राहिली असती, कारण तिला चार माणसांना जेवू घालणं मनापासून आवडायचं. राहणाऱ्या कोण आणि जाणाऱ्या कोण हे त्यांना निवडायला मिळाल्याशिवाय आपल्याला कळणारच नाही. तोवर ज्याला आपण घरगुती माया म्हणतो त्यातली किती स्वखुशीची आणि किती नाइलाजाची, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

रसिक : आणि निवडायला मिळाल्यावर काकूंसारख्या फार थोड्या राहिल्या, तालुक्याच्या गावात अशी एखाद-दुसरीच खानावळ उरली, तर त्या क्लासच्या पोरीनं जेवायचं कुठे?

साशंक : ते आपण दोघांनी मिळून ठरवायला हवं. इतके दिवस ते माझ्या आईनं एकटीनं ठरवलं होतं.